चव्वेचाळीस नंबर

चोपन्नाव्या वर्षी हातोडी धरायला शिकले.
म्हातारा केम्पाइनेन म्हणाला, "इतकी जपून नको.
चामडं आहे. ओरडणार नाही."
मग स्वतःच ओशाळला
आणि डिंकाच्या डब्याचं झाकण शोधत राहिला.

कायानीत जानेवारीत दुपारी तीनला रात्र होते.
दुकान तळघरात, एकच खिडकी, रस्त्याच्या पातळीला;
बाहेरचं गाव म्हणजे नुसते पाय.
मला चालतं.
अठ्ठावीस वर्षं मी माणसं पायांकडूनच वाचली.
पलंगाच्या त्या टोकाला तक्ता असायचा
आणि पांघरुणाबाहेर आलेल्या टाचा.
कोण एकटं राहतं, ते टाचांवरून कळतं.

लोक विचारतात, का सोडलंस?
लेकीला सांगितलं, कंबर.
मेट्रनला सांगितलं, रात्रपाळी.
बँकेतल्या पोराला सांगितलं,
फिनलंडमधला बर्फ कुठे पळून जातोय, धंदा चालेल.
तिन्ही खरं आहे.

चौथं असं, की एका रात्री सात नंबरची घंटा वाजली
आणि मी हातातली ओळ पुरी करून उठले.
एकच ओळ. "लघवी तीनशे मिली, स्वच्छ."
म्हातारीला पाणी हवं होतं. दिलं. प्याली.
काहीच झालं नाही.
पण त्याआधी मी शब्द अर्धा टाकून उठायचे.
जुन्या नोंदवह्या कुणी उघडल्या
तर त्यात अर्धे शब्द सापडतील, आणि पेनाची शेपटी
पानाबाहेर पळत गेलेली.
त्या रात्री मी पूर्णविराम दिला.
अजून दिसतो तो मला, गोल, नीट.

उपकार फार झाले की माणूस म्हणतो,
माझ्या कातड्याचे जोडे करून घालीन तुझ्या पायांत.
मी उपकारबिपकार केले नाहीत, पगार घेतला.
तरी कुठेतरी जोडे माझ्याच कातड्याचे गेले असणार.
नाहीतर इतकी पातळ कशी झाले?

हिवाळ्यात गिऱ्हाईक एकाच कामाला येतं: तळाला खिळे.
गव्हाच्या दाण्याएवढे, बर्फात रुतणारे.
टाचेला तीन, चवड्याला पाच.
वॉर्डात माझ्याकडे यायची ती न रुतलेली माणसं.
खुबा, मनगट, खुबा, खुबा.
पत्रांच्या पेटीपर्यंतच तर गेले होते, म्हणायची.
आता मी त्यांना पेटीच्या अलीकडे गाठते.
हे केम्पाइनेनला ऐकवलं, तर म्हणाला,
"तिसरा खिळा तिरका गेलाय."
गेलाच होता.

मंगळवारी साइमी हुओतारी आली.
पुरुषी बूट, चव्वेचाळीस नंबर.
डाव्याची नाडी तपकिरी, उजव्याची काळी.
नाडीवरून ओळखले मी.
दोन नोव्हेंबरांपूर्वी हेच बूट पिशवीत घालून,
पिशवीवर नाव लिहून,
मी तिच्या हातात दिले होते
आणि तिने विचारलं होतं, "हे कशाला आता?"
बिनगणवेशाची मी तिला ओळखू आले नाही.

"मीच घालते," म्हणाली.
"दोन मोजे चढवले की होतात.
लाकडं आणायला शेडपर्यंत जावं लागतं ना."

मी बोलले नाही काही.
आतलं अस्तर काढून शेगडीपाशी ठेवलं,
त्यावर मोठ्या अंगठ्याचा खळगा होता,
तिचा नव्हे.
खिळे मारले. दोन्ही टाचांना एकेक जास्त,
त्याचे पैसे लावले नाहीत.
नाड्या बदलू का, एवढं विचारलं.
नको म्हणाली, जरा घाईनेच.

ती गेली. खिडकीतून बूट दिसले,
तिच्याहून थोडे पुढे चालणारे.
पन्हळीचं पाणी गोठतं त्या कोपऱ्यावर थांबले,
मग कट्, कट्, पलीकडे.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.
दुसऱ्या कुणाच्या बुटात खिळा अर्धा गेला होता.
तो तसाच टाकून मी उठले.
मागून केम्पाइनेन ओरडला,
"आधी तो पुरा कर, बाई!
गिऱ्हाईक थांबतं. खिळा वाकतो."